वादळानंतर तीन आठवडे वीज नसेल तर: बॅटरी, पाणी आणि इन्सुलिनचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. श्रीवर्धन तालुक्यातल्या गावी आई-वडील दोघंच राहतात, दोघांचीही सत्तरी उलटली आहे. मुलगा ठाण्यात नोकरीला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा घरी जवळपास तीन आठवडे वीज नव्हती. १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीचा इन्व्हर्टर दुसऱ्या दिवशीच झोपला. विहिरीला पाणी भरपूर, पण एक एचपीची मोटर बंद, त्यामुळे टाकी कोरडी. आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये. पुन्हा तशी वेळ आली तर जनरेटर घ्यावा, आणखी एक बॅटरी घ्यावी, की सोलर बसवावं?

खरेदीचं नंतर पाहू. आधी तो इन्व्हर्टर दुसऱ्या दिवशी का झोपला ते नीट समजून घ्या, कारण नवीन काहीही आणलंत आणि वापर तसाच ठेवलात तर तेही तसंच झोपेल. आपल्याकडचे इन्व्हर्टर चार-सहा तासांच्या लोडशेडिंगसाठी घेतलेले असतात. रात्री वीज येणार आणि बॅटरी भरणार, हे त्यात गृहीत असतं. बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी, विहीर नव्हे. खाली झराच आटला तर टाकी दुप्पट मोठी करून दोन दिवस वाढतील, वीस वाढणार नाहीत. म्हणून दिवसाला किती वीज येते आणि किती जाते, याचा हिशोब आधी मांडायचा.

वीज इतके दिवस का येत नाही, हेही त्या हिशोबात लागतं. निसर्गचा वारा किनाऱ्यावर ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या घरात होता. माड, पोफळी, आंबे तारांवर आडवे झाले, पोल मोडले, रस्ते झाडांनी बंद झाले. दुरुस्ती वरून खाली येते: आधी उपकेंद्राला पुरवठा करणारी लाइन, मग ११ किंवा २२ केव्हीचा फीडर, मग तुमची डीपी, म्हणजे वाडीचा ट्रान्सफॉर्मर, मग लघुदाबाचे पोल, आणि सगळ्यात शेवटी पोलापासून तुमच्या मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर. रुग्णालयं आणि नळपाणी योजना आधी घेतात, ते बरोबरच आहे. त्यामुळे डीपीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वाडीवर दिवे सगळ्यांच्या मागून लागतात. घर बाजारपेठेत असेल तर आठवड्याची तयारी पुरावी. फाट्यापासून आत, बागायतीतून लाइन येत असेल तर तीन आठवडे धरूनच चाला.

बॅटरीतली वीज

१५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास, पावणेदोन युनिटांच्या थोडं वर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी तळापर्यंत रिकामी केली तर खराब होते, म्हणून अडचणीच्या काळातसुद्धा ७० टक्के वापरून झाली की थांबायचं. ते झाले १२६० वॅट-तास. इन्व्हर्टरमधून २३० व्होल्ट करताना आणखी पाचवा हिस्सा जातो. म्हणजे घरातल्या प्लगला जेमतेम एक युनिट हाती येतं. दोन साधे पंखे १५० वॅट, चार एलईडी दिवे ४० वॅट, टीव्ही ६० वॅट, असं लावून बसलात तर चार तासांत संपलं. बॅटरी जुनी असेल तर त्याहून लवकर.

आता एक गोष्ट जिच्याकडे कोणी पाहत नाही. इन्व्हर्टरला काहीच जोडलेलं नसलं तरी तो नुसता चालू राहण्यासाठी १५ ते २० वॅट खातो. चोवीस तास चालू ठेवला तर साधारण ३६० ते ४८० वॅट-तास त्याच्याच पोटात गेले. काटकसर करणाऱ्या घराचा दिवसभराचा वापरही साधारण तेवढाच असतो. दिवे मालवले, पंखा बंद केला, पण इन्व्हर्टर चालू राहिला, म्हणजे निम्मी बॅटरी फुकट गेली. म्हणून पहिला नियम: पुढच्या पॅनेलवरच्या बटणाने इन्व्हर्टर बंद करा आणि फक्त पंख्यासाठी रात्री चालू करा. हे बटण आई-बाबांना दाखवून ठेवा. बऱ्याच घरांत ते कधी कोणी दाबलेलंच नसतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे दिवे आणि फोन इन्व्हर्टरला न जोडता थेट बॅटरीवर चालवणं. १२ व्होल्टचे डीसी एलईडी बल्ब सोलरच्या दुकानात मिळतात, दिसायला साध्या बल्बसारखेच. ५ वॅटचे तीन बल्ब पाच तास म्हणजे ७५ वॅट-तास. दोन फोन रोज भरायला ४०. एकूण ११५. बॅटरीत १२६० आहेत, म्हणजे एकदा भरलेली बॅटरी कोणत्याही मदतीशिवाय दहा-अकरा दिवस उजेड आणि फोन देते. हीच बॅटरी आधी दुसऱ्या दिवशी संपली होती.

हे जोडकाम वायरमनकडून करून घ्या. बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात १० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज, पुढे २.५ चौरस मिलिमीटरची वायर, मग एक छोटा स्विचबोर्ड आणि त्यावर गाडीत असतो तसा १२ व्होल्टचा यूएसबी चार्जर. फ्यूज टाळू नका. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण वायर शॉर्ट झाली तर ही बॅटरी शेकडो अ‍ॅम्पिअर ओतते आणि वायर लाल होऊन पेट घेते. डीसी बोर्डावर २३० व्होल्टच्या प्लगसारखं सॉकेट लावू नका, कोणीतरी चुकून चार्जर खुपसतो. इन्व्हर्टर दोन बॅटऱ्यांचा, म्हणजे २४ व्होल्टचा असेल तर त्यातल्या एकाच बॅटरीवरून वीज घेऊ नका. ती दुसरीपेक्षा रिकामी होते आणि पुढे दोन्ही बाद होतात. अशा वेळी दिव्यांसाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवलेली बरी.

पंख्याबद्दल: साधा छताचा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. आठ तासांच्या झोपेसाठी ६०० विरुद्ध २४० वॅट-तास. वादळासाठी काही एकच वस्तू बदलायची असेल तर आई-बाबांच्या खोलीतला पंखा बदला. तो वर्षभर बिलातही वसूल होतो.

बॅटरी किती उरली हे इन्व्हर्टरच्या दिव्यांवरून ठरवू नका. साधा मल्टिमीटर घ्या. सगळं बंद करून अर्धा तास थांबा आणि टर्मिनलवर मोजा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे थांबायची वेळ. हे तीन आकडे कागदावर लिहून बॅटरीच्या ट्रॉलीला चिकटवा.

झरा कुठून आणायचा

अकराव्या दिवसानंतर बॅटरी भरायला काहीतरी लागणार. इथे सोलर की जनरेटर हा प्रश्न येतो, आणि सत्तरीच्या दोन माणसांसाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: घराचं स्वतःचं सोलर, आणि जनरेटर वाडीतल्या चार-पाच घरांत मिळून एक.

सोलर म्हटल्यावर अनेकांना छपरावरचं नेट मीटरिंगचं, म्हणजे जास्तीची वीज लाइनला देणारं सोलर आठवतं. ते इथे उपयोगाचं नाही. ऑन-ग्रिड यंत्रणा लाइनमध्ये वीज नसली की स्वतःहून बंद होते. तशीच तिची रचना आहे, म्हणजे लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज लागू नये. तीन किलोवॅट डोक्यावर आणि घरात अंधार, हे त्यामुळे होतं. बॅटरीसह हायब्रीड यंत्रणा वेगळी, पण तुमच्या कामाला तेवढीही गरज नाही.

तुम्हाला लागतात १२ व्होल्टच्या बॅटरीला जुळणारी, ३६ सेलची, १६० वॅटच्या आसपासची दोन पॅनेल्स समांतर जोडून, आणि ३० अ‍ॅम्पिअरचा साधा पीडब्ल्यूएम प्रकारचा चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारा डबा. दुकानदार मोठं ३३५ किंवा ५०० वॅटचं एकच पॅनेल स्वस्त पडतं म्हणून देईल. त्याचं व्होल्टेज ३५-४० च्या पुढे असतं. साध्या कंट्रोलरवर ते बॅटरीच्या १३ व्होल्टला खाली ओढलं जातं, आणि ३३५ वॅटच्या पॅनेलमधून सव्वाशेच्या आसपासच मिळतात. मोठं पॅनेल घ्यायचंच असेल तर एमपीपीटी कंट्रोलर घ्यावा लागेल, तो पॅनेलचं जादा व्होल्टेज वाया न घालवता बॅटरीच्या मापात आणतो. दुसरं कारण वजनाचं. मोठं पॅनेल वीस किलोच्या वर जातं, छोटं दहा-बारा किलोचं असतं आणि वादळाआधी शेजारच्या मुलाला एकट्याला उतरवता येतं.

उतरवावं लागेलच. घर कौलारू असेल किंवा पत्र्याचं, तर इशारा आल्यावर पॅनेल्स खोलून घरात, भिंतीला टेकवून, गोधडीत गुंडाळून ठेवा. क्लॅम्पला बसणारा पाना पॅनेलच्या जवळच दोरीला बांधलेला असू द्या. काढताना आधी कंट्रोलरची पॅनेलकडची वायर सोडवा, मग बॅटरीची. लावताना उलट, आधी बॅटरी आणि मग पॅनेल. क्रम चुकला तर कंट्रोलर जळू शकतो.

पावसाळ्यात सोलर काय देणार, ही शंका रास्त आहे. स्वच्छ उन्हात ही दोन पॅनेल्स दिवसाला सव्वा-दीड युनिट देतात. जूनच्या गच्च आभाळात पाचवा हिस्सा धरा, म्हणजे २०० ते ३०० वॅट-तास. आपला दिव्यांचा आणि फोनचा खर्च ११५ आहे. उरलेल्यात रात्री काही तास पंखा चालतो. मुसळधार पावसाचे सलग दोन-तीन दिवस काहीच मिळत नाही, पण तेवढ्यासाठी बॅटरी आहेच.

जनरेटर: कोणत्या कामाला, किती वेळ

जनरेटरचं पेट्रोल कशात जातं ते पाहा. हजार लिटरची टाकी एक एचपीच्या मोटरने अर्ध्या तासात भरते आणि काटकसरीने चार-पाच दिवस पुरते. बॅटरी भरायला इन्व्हर्टरचा चार्जर १० ते १५ अ‍ॅम्पिअर देतो. तीन तासांत चाळीसेक एएच आत जातात, म्हणजे ५०० वॅट-तास, डीसी दिव्यांचे चार दिवस. दोन्ही कामं एकदम केली तर दर चौथ्या दिवशी तीन तास जनरेटर. छोटा पेट्रोल जनरेटर तासाला पाऊण ते एक लिटर पितो. वीस दिवसांत पाच वेळा, म्हणजे पंधरा लिटर.

याच जनरेटरवर फ्रिज सांभाळायचा ठरवलंत तर रोज सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास लागेल, वीस दिवसांचं साठ लिटर पेट्रोल. पंप स्वतः विजेवर चालतात, वादळानंतर ते बंद असतात किंवा तिथे रांगा असतात. साठ लिटर पेट्रोल घरात ठेवणं धोक्याचं आहे, परवान्याशिवाय ठेवता येण्याच्या मर्यादेबाहेरही आहे. म्हणून फ्रिजवर पाणी सोडा. वादळाच्या आदल्या दिवशी त्यातलं संपवा आणि मग दार उघडं ठेवून कोरडा करा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी धरते.

मोटर सुरू होताना चालू असतानाच्या चार ते सहा पट करंट घेते. एक एचपीला चालताना ११०० वॅट लागत असले तरी दोन केव्हीएचा जनरेटर सुरुवातीलाच दबतो. तीन केव्हीए घ्या, किंवा अर्ध्या एचपीची छोटी मोटर बसवून दोन केव्हीएवर भागवा. मोटर आधी एकटी सुरू करायची, ती स्थिर झाली की मग इन्व्हर्टरचा चार्जर जोडायचा. इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेत नसेल तर मागचा यूपीएस-इको खटका इकोवर करा. यूपीएसवर असताना तो वरखाली होणारं व्होल्टेज नाकारतो.

दोरी ओढून सुरू होणारा जनरेटर सत्तरीच्या माणसाच्या खांद्याला झेपत नाही. सामाईक घ्या म्हणण्यामागे हेही कारण आहे: सुरू करणारा एक जण, पेट्रोल सांभाळणारा तोच, आणि यंत्र एका घरातून दुसऱ्या घरी ढकलगाडीवर. महिन्यातून एकदा दहा मिनिटं लोडवर चालवा. वापर नसेल तेव्हा टाकी आणि कार्बोरेटर रिकामा ठेवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं आणि दोन-तीन महिन्यांत कार्बोरेटरचं जेट चिकटवतं. वादळाच्या वेळी जनरेटर सुरूच होत नाही, याचं कारण बहुतेकदा हेच असतं. वादळाचा इशारा आला की पंधरा-वीस लिटर झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये आणा, घराबाहेरच्या खोपटात ठेवा, आणि वादळ टळलं तर गाडीत ओतून टाका.

इथून पुढचं प्रत्येक शब्द पाळा.

जनरेटर पडवीत, ओटीवर, गोठ्यात, जिन्याखाली लावायचा नाही. पाऊस पडत असतो, यंत्र भिजू नये म्हणून माणसं तो पडवीत ओढतात आणि दार लोटून झोपतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. दार-खिडकीपासून किमान वीस फूट, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला, वर चारी बाजूंनी मोकळा असलेला पत्रा. टाकी भरायची ती बंद करून, दहा-पंधरा मिनिटं थंड झाल्यावरच.

दुसरं, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसायचा नाही. मेन स्विच पाडायचा राहिला तर तीच वीज सर्व्हिस वायरने डीपीत उलटी शिरते, आणि डीपी तिचं हजारो व्होल्ट करून लाइनवर चढवते. तिकडे पोलावर वायरमन बंद लाइन समजून हात घालत असतो. शिवाय पिन निघाली तर उघड्या पितळेवर २३० व्होल्ट. मीटरनंतर ३२ अ‍ॅम्पिअरचा दोन पोलचा चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत. दांडा एकतर लाइनकडे, नाहीतर जनरेटरकडे, दोन्हीकडे एकदम जाऊच शकत नाही. तो बसवेपर्यंत मोटर आणि इन्व्हर्टर जनरेटरच्या सॉकेटलाच एक्स्टेन्शनने जोडा, घराच्या वायरिंगशी संबंध नको. आणखी एक बाब वायरमनला सांगा: छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा अर्थिंगला जोडलेला नसतो, त्यामुळे गळती झाली तरी घरातला आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडत नाही. न्यूट्रल आणि अर्थ एकाच जागी जोडून मग गळतीवर आरसीसीबी खरंच पडतो का ते तपासून घ्यायला लावा.

विजेशिवाय पाणी

हे सगळं असूनही विहिरीवर कप्पी आणि दोर पाहिजेच. रहाटाचे खांब गेले, मोटरा आल्या, आणि बऱ्याच विहिरींना आता लोखंडी जाळी घट्ट बसवलेली असते, पोहरा आत जायलाच वाट नाही. जाळीला दोन फुटांचं कुलपाचं झाकण करून घ्या, वर आडव्या पाइपला कप्पी, आणि विहिरीच्या खोलीपेक्षा दहा फूट जास्त नायलॉनचा दोर. आई-बाबा पाणी ओढू शकणार नाहीत, पण शेजारचा कोणी चार कळश्या ओढून देऊ शकतो.

वापराच्या पाण्यासाठी छप्पर आहे. दहा मिलिमीटर पाऊस पन्नास चौरस मीटरच्या छपरावर पडला की पागोळ्यांतून चारशे लिटर मिळतं, थोडं वाया गेलेलं धरूनसुद्धा. पहिली दहा मिनिटं सोडून द्या, मग पन्हळीखाली पिंप लावा. संडास, भांडी, कपडे त्यावर निघतात आणि टाकीतलं पाणी फक्त स्वयंपाकाला आणि आंघोळीला उरतं.

वादळानंतर विहिरीत झावळ्या, पाला, मेलेले पक्षी, कधी वरून वाहून आलेला गाळ असतो. आधी तो काढा. मग ब्लीचिंग पावडर, दर हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहीर तीन मीटर व्यासाची आणि पाणी चार मीटर उभं असेल तर ३ गुणिले ३ गुणिले ४ गुणिले ०.७८५, म्हणजे साधारण २८ घनमीटर, अठ्ठावीस हजार लिटर. त्याला ७० ग्रॅम. पावडर सरळ विहिरीत भिरकावू नका. बादलीत आधी थोड्या पाण्यात तिची पेस्ट करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती बादली दोराने विहिरीत सोडून वर-खाली हलवा. खालचा चुना फेकून द्या, तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. तासभर उपसा नको. पाणी गढूळ असेल तर मात्रा दुप्पट लागते. प्यायचं पाणी त्यानंतरही उकळूनच. पावडरचं पाकीट फोडून ठेवलेलं असेल तर ती दमट हवेत निकामी झालेली असते, दरवर्षी मे महिन्यात नवीन आणा.

इन्सुलिन

आईच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी हीच वाटते, आणि इथे शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचा. बहुतेक प्रकारचं इन्सुलिन एकदा वापरात आलं की ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं. नेमके दिवस पाकिटातल्या कागदावर असतात, ते आजच पाहून ठेवा. याचा अर्थ फ्रिज बंद पडला म्हणून इन्सुलिन त्या दिवशीच वाया गेलं असं नाही. न फोडलेली कुपीही फ्रिजबाहेर आली की तिचे दिवस सुरू झाले असं धरायचं, आणि कुपीवर तारीख लिहायची. गावातल्या औषधाच्या दुकानातला फ्रिजही तुमच्याच डीपीवर असतो, म्हणून वादळानंतर तिथून घ्यायची वेळ येऊ नये. इशारा येताच महिनाभराचं घरी असू द्या.

ठेवायचं कुठे? पत्र्याखाली, खिडकीत, चुलीच्या भिंतीला नको. घट्ट झाकणाच्या कोरड्या स्टीलच्या डब्यात कुपी ठेवून तो डबा माठातल्या पाण्यावर तरंगता ठेवा. कोरड्या हवेत माठ चांगला गार होतो, पण कोकणात जूनमध्ये हवाच ओली, म्हणून फरक दोन-तीन अंशांचाच पडतो. तरी दुपारच्या उन्हात तोही उपयोगी आहे. बर्फ मिळाला तर कुपी त्याला चिकटवून ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं, वितळल्यावर चांगलं दिसलं तरी. स्वच्छ दिसणारं इन्सुलिन ढगाळ झालं, किंवा मुळात दुधाळ असलेल्यात गुठळ्या दिसल्या, तर ते वापरायचं नाही. ग्लुकोमीटरचे सेल आणि स्ट्रिप्सचा घट्ट झाकणाचा डबा त्याच पेटीत, आणि साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासायची.

घरात कोणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असेल तर मात्र यातलं काहीच पुरत नाही. पाच लिटरचं यंत्र ३०० ते ३५० वॅट घेतं, दिवसाला आठ युनिटांच्या आसपास. दहा लिटर पाण्याच्या मापाचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने बारा तास चालतो. अशा माणसाला इशारा मिळाल्याबरोबर, रस्ते उघडे असताना, तालुक्याच्या किंवा शहराच्या ठिकाणी हलवायचं.

बारीकसारीक, पण अडतं तिथेच

पिठाची गिरणी बंद असते, म्हणून महिन्याचं पीठ आधी दळून, किंवा तांदळावर भागवायची तयारी. मिक्सर बंद, पाटा-वरवंटा माळ्यावरून खाली आणा. एटीएम बंद, म्हणून पाच-सात हजार सुट्ट्या नोटांत. गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला. मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांची, पुढे त्याला डिझेल पोचलं तर ठीक. रेंज नसताना फोन ती शोधत बसतो आणि निम्मा चार्ज त्यात जातो, म्हणून विमान मोडवर टाका आणि तुमच्याशी बोलायच्या दोन वेळा ठरवून घ्या, सकाळी आठ आणि रात्री आठ. सेलवरचा रेडिओ ठेवाच. कोकणात ही सगळी बेगमी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कामांतच बसते, कारण अरबी समुद्रातली वादळं मे-जूनमध्ये येतात. मात्र दुसरा मोसम पावसाळ्यानंतरचा असतो. २००९ चं फयान नोव्हेंबरमध्ये आलं होतं. म्हणून दसऱ्याच्या सुमारास बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि मल्टिमीटरचा सेल पुन्हा एकदा पाहा.

वादळ गेल्यावर, आणि वीज परत येताना

वादळाआधी मेन स्विच पाडा आणि इन्व्हर्टरचा प्लग सॉकेटमधून काढा. नंतर वाडीत फिरताना पडलेली प्रत्येक तार चालू आहे असंच धरा, गावात वीज नसली तरी, कारण कोणाचा जनरेटर कुठे उलटा जोडलेला आहे हे कोणालाच माहीत नसतं. तारेपासून तीस फूट लांब, आणि तारेवर पडलेला माड स्वतः तोडायला जाऊ नका. डीपीतला फ्यूज काठीने बसवणारा धाडसी माणूस प्रत्येक गावात असतो, त्याला थांबवा. तक्रार १९१२ वर नोंदवताना बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि शक्य असेल तर डीपीवर रंगवलेला क्रमांक सांगा. ही दोन्ही आजच कागदावर उतरवून ठेवा, बिल भिजतं.

छप्पर उडून भिंतीत पाणी मुरलं असेल तर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) वायरिंग तपासल्याशिवाय मेन टाकू नका. प्रत्येक सर्किटला निदान एक मेगओहम यायला हवा. स्विचबोर्डात ओल असेल तर तो उघडून दोन दिवस वाऱ्यावर सुकवा. भिजलेली मोटरही तशीच.

वीज येते त्या क्षणी सगळ्यात जास्त उपकरणं जळतात. तीन फेजच्या लाइनवर शेजारची घरं वेगवेगळ्या फेजवर असतात आणि न्यूट्रल सगळ्यांचा एकच. तो कुठे तुटलेला किंवा सैल राहिला तर कमी लोडच्या घरात व्होल्टेज २३० वरून ३००, ३५०, अगदी ४०० च्या जवळ चढतं. म्हणून बाहेरचा दिवा लागला म्हणून आनंदाने मेन टाकायचा नाही. वायरमनकडून मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला मल्टिमीटरने मोजून घ्या. २०७ ते २५३ च्या मध्ये आणि स्थिर असेल तरच पुढे. आकडा नाचत असेल किंवा २६० च्या वर असेल तर मेन बंदच ठेवून पुन्हा १९१२. ठीक असेल तर आधी एक बल्ब, दहा मिनिटं त्याच्याकडे लक्ष, मग पंखा, मग इन्व्हर्टर, आणि फ्रिज सर्वांत शेवटी.

इन्व्हर्टर जोडल्यावर त्याच दिवशी बॅटरीचं पाणी पाहा, खूणरेषेपर्यंत भरा आणि सलग बारा-चौदा तास चार्ज होऊ द्या. मधे वीज परत गेली तरी त्या रात्री पंखा लावू नका. अर्धवट रिकामी बॅटरी आठवडाभर तशीच पडून राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं आणि १५० एएचची बॅटरी १०० ची होऊन बसते.